गुरुवारी सुट्टी, रविवारी पाळी

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पुष्कळ कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार आठवडाभर सारखा वाटला जावा म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना सुट्टीचे निरनिराळे वार ठरले, त्यात आपल्या वाट्याला गुरुवार आला. इथे वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. भाजीबाजार, दवाखाना, पाहुण्यांकडे जाणं-येणं, सगळं गुरुवारच्या हिशोबाने चालतं. ख्रिस्ती कामगाराच्या घरात मात्र हा वार दर आठवड्याला एक अडचण उभी करतो. रविवारी सकाळी मंडळी उपासनेला जमते तेव्हा घरचा कर्ता पहिल्या पाळीत असतो. बायको मुलांना घेऊन देवळात जाते, आणि दुपारी तो कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला की पाळकसाहेब काय बोलले ते त्याला जेवताना सांगते. काही मंडळ्यांनी संध्याकाळची उपासना सुरू केली, काहींनी गुरुवारची प्रार्थनासभा. तरीही नोकरीची पंचवीस-तीस वर्षं अशी गेलेली माणसं आपल्यात आहेत, ज्यांना रविवार सलग कधी मिळालाच नाही.

हे पुस्तक त्यांच्यासाठी आहे, आणि बऱ्याच अंशी त्यांनीच लिहिलेलं आहे. गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमणारा हा एक लहान गट. त्यात प्रेस चालवणारे आहेत, तपासणी विभागातले आहेत, ठेकेदाराकडे रोजावर असलेले आहेत, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका आहेत, घर सांभाळणाऱ्या बाया आहेत. कुणी कॅथलिक, कुणी मराठी मिशनच्या जुन्या घराण्यातलं, कुणी अलीकडच्या पेंटेकोस्टल मंडळीतलं. त्यांनी एकमेकांना विचारलेला प्रश्न साधा होता: येशूच्या मागे चालणाऱ्या माणसाचा स्वभाव खरोखर बदलतो का, आणि बदलत असेल तर तो कुणाला दिसतो? एकेका गुणावर बोलत, भांडत, प्रार्थना करत जे हाती आलं त्याची ही प्रकरणं झाली. प्रकरणं स्वतःच बोलतात, त्यांचा सारांश मी देणार नाही. ज्या विषयावर ती आहेत त्याबद्दल मात्र मला बरंच सांगायचं आहे.

आधी हे लोक इथे कुठून आले ते सांगायला हवं. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान शेडनी हा माळ भरून गेला. नगर, जालना, औरंगाबाद या जिल्ह्यांतल्या गावांतून माणसं आली. १९७२ च्या दुष्काळाने तर गावंच्या गावं रस्त्यावर आणली. त्या लोंढ्यात जुनी ख्रिस्ती कुटुंबंही होती. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल होतं. या भागात ख्रिस्ती झालेली बहुसंख्य घराणी तेव्हा अस्पृश्य ठरवलेल्या समाजांतली. गावात मिशनची शाळा होती, देवळाची घंटा होती, पाळक सगळ्यांना नावाने ओळखत. इथे आल्यावर ते सगळं मागे राहिलं आणि भाड्याच्या खोलीत पेटीतून काढलेलं पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ तेवढं सोबत राहिलं. पुढे १९८२ मध्ये महापालिका झाली, चाकणला मोठे वाहन कारखाने आले, मल्याळी, तामिळ, तेलुगू, हिंदी बोलणारे ख्रिस्ती शेजारी मिळाले, देवळं वाढली. आज उपासनेला जागा कमी पडते. संख्या वाढली हे खरंच आहे आणि त्याचा आनंद मलाही आहे. माझी काळजी दुसरीकडे आहे.

आपल्या सभांमध्ये साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तेव्हा तो बहुतेक वेळा काय सांगतो? कंपनीत परमनंट झालो. फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं. मुलाला कॅम्पसमधून नोकरी लागली. यासाठी देवाचे उपकार मानायलाच हवेत. सात-आठ वर्षं दर काही महिन्यांनी ब्रेक घेऊन ठेकेदाराकडे राबलेल्या माणसाला कायमची नोकरी लागते तेव्हा त्याच्या घरात काय होतं, ते या पट्ट्यात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पण देवाची कृपा जर परमनंट होण्यात दिसत असेल, तर शेजारच्या बाकावर बसलेल्या कंत्राटी मुलाने स्वतःबद्दल काय समजावं? त्याचा विश्वास कमी पडला असं? हा प्रश्न आपण त्याच्या तोंडून कधी ऐकत नाही, कारण तो साक्ष द्यायला उभाच राहत नाही. नव्या करारात ज्याला आत्म्याचं फळ म्हटलं आहे, त्यात पगार, घर, बढती यांतलं काहीच नाही. तिथे सहनशीलता आहे, ममता आहे, विश्वासूपणा आहे, सौम्यता आहे, इंद्रियदमन आहे. ही फळं ठेकेदाराकडच्या मुलाच्याही आवाक्यात आहेत, आणि कधी कधी त्याच्याकडे ती आधी येतात.

ही फळं कुठे लागतात याबद्दल या पुस्तकातली माणसं ठाम आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. कामाच्या जागेवर लागतात, नाहीतर लागत नाहीत. एक उदाहरण घेऊ. मशीनवर तासातासाला माप घेऊन चेकशीटवर लिहायचं असतं. प्रत्यक्षात पाळी संपायच्या आधी दहा मिनिटांत आठही तासांचे आकडे एकदम भरले जातात, थोडे मागेपुढे करून, खरे वाटतील असे. वरच्याला ठाऊक असतं, ऑडिटला येणाऱ्यालाही अंदाज असतो. कुणी याला खोटं बोलणं म्हणत नाही. आता ज्याने सकाळी निघताना देवाजवळ प्रार्थना केली आहे, त्याने काय करावं? प्रत्येक तासाला उठून माप घ्यावं तर उत्पादन दोन-चार नगांनी कमी होतं आणि सुपरवायझर ओरडतो. या प्रश्नावर गटात चार गुरुवार गेले. पुस्तकात त्याचं जे उत्तर आहे ते कुणा उपदेशकाला सुचलं नसतं, कारण ते मशीनजवळ उभं राहूनच सापडतं.

दुसरं उदाहरण याहून जड आहे. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्याचे दोन्ही हात डायच्या बाहेर राहावेत म्हणून दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबली तरच स्ट्रोक पडतो. काही प्रेसना पुढे सेन्सरचा पडदा असतो, हात मध्ये आला की मशीन थांबते. या दोन्ही सोयींमुळे वेग थोडा कमी होतो. म्हणून कुठे एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवतात, कुठे सेन्सर बंद करतात. मग एका दिवशी कुणाची तरी बोटं जातात. बहुधा तो मुलगा नवा असतो, दुसऱ्या राज्यातून किंवा मराठवाड्यातून आलेला, ठेकेदाराकडचा. अशा शेडमध्ये सुपरवायझर म्हणून काम करणारा माणूस रविवारी मंडळीत वडील असेल, प्रभुभोजनाचा प्याला पुढे देत असेल, तर त्याच्या आध्यात्मिक वाढीचं मोजमाप त्या बांधलेल्या बटणाजवळ होतं. तो ते सोडायला लावतो का? टारगेट पडलं तर वरच्याचं बोलणं खातो का? हे मी कठोरपणे लिहितो आहे, कारण बोटं परत येत नाहीत. देवाने माणूस आपल्या प्रतिमेचा घडवला असं आपण मानतो, तर त्या मुलाचा हात ही देवाच्या प्रतिमेचीच बाब आहे.

इथे कुणी म्हणेल की एवढं सगळं करायला संत असावं लागतं. मला वाटतं, मराठी ख्रिस्ती माणसाने हे म्हणण्याआधी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. मराठी साहित्याचा ठेवा म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते योग्यच. पण माझ्या मते ख्रिस्ती स्वभाव कसा घडतो यावर मराठीत त्याच्या तोडीचं दुसरं पुस्तक नाही. इंग्रजीतून आलेल्या आध्यात्मिक वाढीच्या पुस्तकांचे अनुवाद आपल्या घराघरांत आहेत. त्यांत सात पायऱ्या असतात, चाळीस दिवस असतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात पायऱ्या नाहीत. तिथे एक बाई आहे, तिचा तापट नवरा आहे, आणि वर्षं जातात.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर, नातलगांत होत्या. त्यांच्या माहेरी सोवळ्याचं वेड होतं. वडील बाहेरून घरात येणारी वस्तू धुऊन घ्यायला लावत. अशा घरातून आलेल्या बाईने नवरा ख्रिस्ती झाल्यावर काही वर्षं वेगळी काढली, नंतर मुलाला घेऊन नगरला त्याच्याजवळ राहायला आल्या तरी स्वयंपाक आणि पाणी निराळं ठेवलं. नवरा आपल्या धर्माचा, बायको आपल्या धर्माची, एका छपराखाली. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. हा तापट माणूस इथे थांबला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग लक्ष्मीबाईंनी स्वतःशीच विचार करायला सुरुवात केली. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत जशा जाती वेगळ्या ओळखू येतात तशा माणसांत का येत नाहीत? या विचाराने त्यांनी आधी शिवाशीव सोडली, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानायला शिकवलं होतं त्यांच्या हातचं घेतलं, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहण्यासारखा आहे. स्वभावातली सगळ्यात घट्ट गाठ आधी सुटली, विधी नंतर झाला. पुढे दुष्काळातली, रस्त्यावरची पोरं त्यांच्या घरात आली आणि घरचीच होऊन राहिली.

आपल्या मंडळ्यांत जात उरलेली नाही असं मला म्हणवत नाही. सोयरीक जुळवताना पूर्वजांची जात हळूच विचारली जाते, हे आपण सगळे जाणतो. लक्ष्मीबाईंनी जे पाणी प्यायलं, ते आपल्यापैकी कित्येकांना अजून प्यायचं आहे.

त्याच पुस्तकातून मला दुसरी गोष्ट मिळाली, ती अशी की माणसाच्या चारित्र्याची साक्ष घरचं माणूस देतं. टिळक थोर कवी, त्यांची पदं आपण आजही उपासनेत गातो. लक्ष्मीबाई मात्र त्यांचा राग लपवत नाहीत. न सांगता घरातून निघून जाणं, हातात आलेला पैसा कुणालाही देऊन टाकणं, संसाराची काळजी बायकोवर सोडणं, सगळं त्या हसत हसत आणि अगदी स्पष्ट लिहितात. आणि तरी, किंवा त्यामुळेच, त्यांनी दाखवलेले टिळक विश्वासार्ह वाटतात. राग आला तसा ओसरायचा, चूक कळली की कबूल व्हायची, आणि माणसाबद्दलची माया कधी आटली नाही. पाळकाने, वडिलाने, संडेस्कूलच्या शिक्षकाने आपल्याबद्दलचं प्रशस्तिपत्र मंडळीकडून घेऊ नये. ते बायकोकडून, नवऱ्याकडून, मुलांकडून घ्यावं, आणि कामाच्या जागी आपल्या हाताखालच्याकडून.

पंडिता रमाबाईंबद्दल आपण अधिक जाणतो, म्हणून इथे एवढंच. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवलं. एवढ्या विदुषीने, जगभर नाव झालेल्या बाईने हे लिहावं, यात वाढीची सगळी सुरुवात आहे. मग १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०५ मध्ये तिथे मोठं आध्यात्मिक जागरण झालं, त्याच्या गोष्टी आपल्या सभांत अजून सांगितल्या जातात. पण त्याच केडगावात शेती होती, तेलाचा घाणा होता, विणकाम होतं, छापखाना होता आणि तिथे बायकाच खिळे जुळवत होत्या, हे कमी सांगितलं जातं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र उतरवत होत्या. कित्येक वर्षांचं ते काम त्यांनी ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्याच्या अगदी आधी पुरं केलं. जागरणाच्या रात्री आणि खिळे जुळवण्याचे दिवस त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत. आपण मात्र रात्री घेतल्या आणि दिवस सोडून दिले.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचंही असंच. भांडी घासताना देवाजवळ असणं आणि प्रार्थनेत देवाजवळ असणं यांत त्याने फरक केला नाही. कँटीनमध्ये काम करणाऱ्या आपल्या एका बहिणीने त्याच्यावर लिहिलेलं प्रकरण या पुस्तकात आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त आवडलं.

आणखी एक गोष्ट या जागेबद्दल. आपला हा पट्टा देहू आणि आळंदी यांच्या मध्ये वसला आहे. तुकोबा ज्या भामचंद्र डोंगरावर चिंतनाला बसत, त्याच्या पायथ्यापर्यंत आज चाकणची एमआयडीसी पोचली आहे. दरवर्षी देहूहून निघालेली पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा कारखान्यांच्या फाटकांवर वारकऱ्यांना पाणी आणि चहा देणाऱ्यांत आपलेही लोक असतात. टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो. आपल्यातल्या काही जणांना हे बोलणं अवघडल्यासारखं करतं, आणि ते मी समजू शकतो. पण तुकोबा दुकानदार होते, दुष्काळात त्यांचा धंदा बुडाला, घरची माणसं गेली, आणि परंपरा सांगते की येणं असलेल्या कर्जाचे कागद त्यांनी इंद्रायणीत सोडून दिले. डोंगरावरील प्रवचन वाचून ज्याचं मन हललं त्या टिळकांना या माणसात ओळखीचं काही दिसलं, यात नवल काय? भक्ती वागण्यात उतरली पाहिजे, हे आपल्या मातीला आधीपासून ठाऊक आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. १९१९ मध्ये ते गेले आणि काम अपुरं राहिलं. अपुरं राहिलेलं काम पुढच्यांचं असतं, असं मी मानतो.

आता एका धोक्याबद्दल. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला सगळ्या गोष्टी टारगेटमध्ये मोजायची सवय लागते. मग तो प्रार्थनाही तशीच करू लागतो: आज किती अध्याय, किती तास, किती उपास. शिस्त हवीच. पहाटे चारला उठून पहिल्या पाळीला जाणारा माणूस शिस्त आमच्याहून जास्त जाणतो. पण पौलाने या गुणांना फळ म्हटलं, आणि फळ माळ्याच्या हुकमाने पिकत नाही. माळ्याने पाणी द्यावं, तण काढावं, वाट पाहावी. कृपा आणि कष्ट यांचं नातं यापेक्षा नेमकं मला सांगता येत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात विश्वासात सात्त्विकतेची, मग ज्ञानाची, मग संयमाची भर घालत जायला सांगितलं आहे, पण त्याआधी तो स्पष्ट करतो की जे लागतं ते देवाने आधीच दिलेलं आहे. रोज हरणाऱ्या माणसाला याचाच आधार आहे. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी आलेला, चिडलेला, मुलावर ओरडलेला माणूस सकाळी पुन्हा देवासमोर बसू शकतो, कारण त्याने कालचं टारगेट पुरं केलं म्हणून त्याला तिथे प्रवेश मिळालेला नसतो.

पुस्तक कसं वाचावं, याबद्दल गटातल्यांनी मला दोन शब्द लिहायला सांगितले. प्रकरणं एका बैठकीत वाचून संपवू नयेत. एक प्रकरण महिनाभर ठेवावं, शक्य झालं तर घरात मोठ्याने वाचावं, आणि ज्याला आपला स्वभाव चांगला ठाऊक आहे अशा कुणाला तरी महिन्याच्या शेवटी विचारावं की काही फरक दिसतो का. नाही म्हणाले तर पुढच्या प्रकरणाला घाई करू नये. रविवार मिळत नसेल तर गुरुवार घ्यावा. तोही नसेल तर बसमधला अर्धा तास आहे.

पहिलं प्रकरण रागावर आहे. ते एका प्रेस ऑपरेटरने लिहिलं आहे. छपाईला देण्याआधी त्याने ते आपल्या बायकोला वाचायला दिलं, तिने दोन ठिकाणी हरकत घेतली आणि तिसऱ्या ठिकाणी स्वतःच्या हाताने एक परिच्छेद लिहिला. तो परिच्छेद तसाच छापला आहे.